ओठ दिसले पाहिजेत

सकाळी दात घासताना तिला खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात मुंगी चालल्यासारखं वाटलं. ब्रश तोंडात तसाच ठेवून ती आरशाजवळ गेली. अजून काही दिसत नव्हतं, पण दिसायची वाट बघायची गरजही नव्हती. लहानपणापासूनची ओळख होती ती. आधी मुंग्या, मग जळजळ, दुपारपर्यंत मोहरीएवढे पाण्याने भरलेले फोड, दुसऱ्या दिवशी त्यांचा घोस आणि नंतर जाड पिवळट खपली. पुढचा आठवडाभर हसायचं नाही, जांभई द्यायची नाही, आंबट खायचं नाही. कुणी त्याला 'जर फुटला' म्हणायचं, कुणी म्हणायचं अंगातला ताप ओठावर आला. ती स्वतः नुसतं 'आलं' म्हणायची.

तिने आरोग्य केंद्रात फोन लावला.

"आज वर्ग घेता येणार नाही मला. बरं नाहीये."

केंद्राच्या मुख्य बाई म्हणाल्या, "परत?"

"हो, परत."

"ठीक आहे. बऱ्या झालात की मला भेटा. बोलायचंय."

तिचा वर्ग ओठ वाचायला शिकवण्याचा होता. वयामुळे, आजारपणामुळे नाहीतर यंत्रांच्या आवाजामुळे ज्यांचे कान गेले अशी मोठी माणसं तिच्याकडे यायची. आरोग्य केंद्राच्या पहिल्या मजल्यावरची खोली होती. शिकणाऱ्यांची पाठ खिडकीकडे आणि तिची खुर्ची खिडकीसमोर, म्हणजे सगळा उजेड तिच्या तोंडावर पडावा. पहिल्या दिवशी ती सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची, "समोरच्याला सांगायचं, तोंडावर हात धरू नको, पाठ फिरवू नको. ओठ दिसले पाहिजेत. त्याच्यापुढे लाजायचं नाही." मग ती मामा, बाबा आणि पापा हे तीन शब्द आवाज न करता म्हणायची आणि कोणता कोणता ते ओळखायला लावायची. कुणालाच ओळखता यायचं नाही, कारण ओठांवर तिघेही सारखेच दिसतात. "आणि काका तर दिसतच नाहीत," ती म्हणायची. "ते घशातल्या घशात असतात." सगळे हसायचे आणि वर्ग सुरू व्हायचा.

असं काम. पंधरा-सोळा माणसं तासभर डोळ्यांत तेल घालून तिच्या ओठांकडे बघत बसणार. फोड आलेले असताना त्या खुर्चीत बसायचं म्हणजे तिच्या अंगावर काटा यायचा. एकदा ती तशीच गेली होती आणि अर्ध्या तासात तिने रुमाल तोंडाला लावला होता. ओठवाचनाच्या वर्गात तोंडाला रुमाल! तेव्हापासून ओठावर मुंग्या आल्या की रजा टाकायची, हे तिने ठरवून टाकलं. आणि मुंग्या वर्षातून सात-आठ वेळा यायच्या. ऊन लागलं, जागरण झालं, सर्दी झाली, कुणाशी वाजलं, कशानेही.

खपली पडल्यावर ती मुख्य बाईंना भेटली. बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या.

"हे बघा, तुमच्यासारखं शिकवणारं दुसरं कुणी मला मिळणार नाही. पण माणसं जिने चढून येतात आणि दाराला कुलूप बघून परत जातात. त्यांना फोन केला तर ऐकू येत नाही. तिघांनी नाव काढून घेतलं. कारखान्यात कान गेलेले ते बॉयलरवाले पण यायचे बंद झालेत. असंच चाललं तर वरून वर्ग बंद करा म्हणतील. तुम्हाला नक्की होतं तरी काय?"

तिने बोट ओठाच्या कोपऱ्याकडे नेलं. तिथे अजून गुलाबी डाग होता.

"एवढंच?" मुख्य बाईंच्या तोंडून निघून गेलं.

एवढंच. घरी येताना तो शब्द तिच्या डोक्यात घोळत राहिला.

लग्न झालं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. पहिल्याच महिन्यात ओठावर आलं. नवऱ्याने विचारलं, "हे कशाने होतं?" तिला माहीत नव्हतं. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की असले फोड म्हणजे बाहेरची भानगड. सासूबाईंनी एक शब्द उच्चारला नाही, पण तिचा कप वेगळा झाला. फोड गेले तरी कप वेगळाच राहिला. चार वर्षांनी ती त्या घरातून बाहेर पडली, त्याला कारणं दुसरीही होती. पण तिला आठवायचा तो फडताळाच्या खालच्या खणात एकटा ठेवलेला कप. नंतर धाकट्या बहिणीला मुलगी झाली. बाळाला उचलून घेताना बहीण चटकन म्हणाली, "ताई, तोंड लांब ठेव हं तिच्यापासून." बहिणीचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा ओठावर खपली होतीच. पण त्या दिवसापासून तिने भाचीला कधी जवळ ओढलं नाही. डोक्यावरून हात फिरवायचा, खाऊ द्यायचा, बस्स. भाची आता नोकरीला लागली होती आणि मावशीला लांबूनच हात हलवायची. तशीच सवय लागली होती दोघींना.

आजवर तिने ओठाला काय लावलं नव्हतं! तूप, कोरफड, लवंगेचं तेल, बर्फ, टूथपेस्टसुद्धा. औषधाच्या दुकानातली मलमाची इवलीशी ट्यूब तर पर्समध्ये कायमची असायची. दुकानदार न विचारता काढून द्यायचा. पण डॉक्टरकडे जावं असं तिला वाटलं नव्हतं. डॉक्टरसमोर बसून सांगायचं काय, की माझ्या ओठावर फोड येतात आणि म्हणून मी पन्नाशीत एकटी आहे?

मुख्य बाईंच्या त्या 'एवढंच'ने ती गेली.

त्वचेची डॉक्टर तिच्या भाचीहून थोडीच मोठी असेल. तिने दिव्याखाली तो डाग पाहिला आणि विचारलं, "वर्षातून किती वेळा?"

"सात-आठ. कधी जास्त."

"आणि इतकी वर्षं नुसतं मलम?"

"आणखी काय करायचं असतं?"

डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसली. "याला हर्पिस म्हणतात. नाव ऐकून दचकू नका. जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या अंगात हा विषाणू असतो, बहुतेकांना पत्ताही नसतो. एकदा शिरला की तो कानाजवळच्या नसेच्या गाठीत जाऊन झोपतो. ऊन, ताप, दगदग झाली की जागा होतो आणि त्याच वाटेने ओठावर येतो. मलम त्याला गाठतं ते तो बाहेर आल्यावर. तुम्हाला इतक्या वेळा येतंय आणि कामात अडचण होतेय, तर आपण त्याला डोकं वर काढूच देऊ नये. रोज एक गोळी. फोड असोत वा नसोत, रोज."

"किती दिवस?"

"सहा महिने, वर्षभर. मग थांबवून बघू. आधी रक्त तपासू, मूत्रपिंडं ठीक आहेत ना ते पाहायला हवं. पाणी भरपूर प्यायचं. उन्हात जाताना ओठांना ऊन अडवणारं मलम लावायचं."

"म्हणजे मग येणारच नाही?"

"असं वचन नाही देणार मी. आठ वेळा येत असेल तर एखाद-दोनदा येईल, कदाचित येणारही नाही. गोळी त्याला मारत नाही, वाढू देत नाही. आला तर त्या दिवसांत कुणाचा मुका घ्यायचा नाही, कप-टॉवेल वेगळा. आणि अगदी तान्ह्या बाळापासून तर तोंड लांबच ठेवायचं, फोड असोत वा नसोत. एरवी नेहमीसारखं राहायचं."

एरवी नेहमीसारखं. तिने बराच वेळ पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

"डॉक्टर, हे मला लागलं कुठून?"

डॉक्टर हसली. "लहानपणी, आणखी कुठून? आई, आजी, आत्या, कुणीतरी लाडाने पापा घेतला असेल. बहुतेकांना तसंच लागतं."

त्या दिवशी ती औषधाच्या दुकानात गेली, तेव्हा दुकानदाराने सवयीने मलमाची ट्यूब काढून ठेवली. "ती नको," ती म्हणाली आणि चिठ्ठी पुढे केली.

रक्ताचा अहवाल चांगला आला आणि गोळ्या सुरू झाल्या. सकाळच्या चहाआधी एक गोळी आणि मोठा पेला पाणी. पहिल्याच महिन्यात एक फोड आला. एकच, बारीक, धड फुगलाही नाही. तिला वाटलं, गेले कष्ट पाण्यात. तिने डॉक्टरला फोन केला. "सोडू नका," डॉक्टर म्हणाली, "सुरुवातीला होतं असं." तिने सोडल्या नाहीत. त्यानंतर काही आलं नाही. उन्हाळा गेला, आलं नाही. घसा धरला, ताप आला, तापाच्या तिसऱ्या दिवशी ती आरसा घेऊन बसली. तरी आलं नाही. एखादा चिकट पाहुणा न सांगता यायचा बंद व्हावा आणि आपणच दाराशी जाऊन बघावं, तसं तिचं झालं.

वर्ग आता बुडत नव्हता. गेलेल्या तिघांतली एक बाई परतली, नवी माणसं आली. मुख्य बाईंनी एकदा जिन्यात थांबवून "छान चाललंय" म्हटलं.

आणि तरीही घर होतं तसंच राहिलं. हे तिला हळूहळू कळलं. कुठल्याशा रविवारी दुपारी भांडी आवरून ती खिडकीशी बसली, ओठ स्वच्छ, अंगात ताकद, हातात वेळ, आणि जायला कुठे नाही. इतकी वर्षं तिने मनाशी एक हिशोब मांडला होता, की हे ओठाचं दुखणं नसतं तर मी लोकांत गेले असते, कुणाच्या शेजारी बसले असते, कुणी माझ्याकडे आलं असतं. आता ते दुखणं नव्हतं आणि दाराची बेल वाजत नव्हती. उलट एक गोष्ट कमीच झाली. पूर्वी दर दीड-दोन महिन्यांनी बहिणीचा फोन यायचा, "परत आलं का गं? काय लावलंस? तिखट खाऊ नको." त्यातून घरच्या चार गोष्टी निघायच्या. आता बहीण फोन करायची आणि विचारायची, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "हो, बरी आहे." "मग छानच," बहीण म्हणायची. पुढे दोघींनाही काही सुचायचं नाही.

याच सुमाराला बॉयलरवाले परत आले.

ते साठी उलटलेले, अंगाने दणकट गृहस्थ होते. सगळं आयुष्य कारखान्याच्या बॉयलरजवळ काढलं, तिथेच कान ठेवून आले. पहिल्या दिवशी ओळख करून देताना त्यांनी इतक्या मोठ्याने "बॉयलर!" म्हटलं होतं, की खालच्या मजल्यावरून माणूस बघायला आला. तेव्हापासून वर्गात त्यांचं तेच नाव पडलं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा-सुनेजवळ राहायचे. त्यांनी मागच्या बाकावरची आपली जागा धरली आणि पहिल्यापेक्षा जास्त मन लावून बघू लागले.

वर्ग सुटल्यावर एकदा ते थांबले. "बाई, घरी मला कुणाचंच समजत नाही. मुलगा फोनकडे बघत बोलतो. सून गॅसकडे तोंड करून बोलते. मला फक्त तुमचे ओठ कळतात."

"ते काही चांगलं लक्षण नाही," ती म्हणाली. "दुसऱ्यांचे कळायला पाहिजेत." आणि लगेच, स्वतःलाही नवल वाटावं असं, "चला, खाली चहाच्या दुकानात बसू. तिथल्या लोकांचे ओठ वाचा. तो तुमचा आजचा अभ्यास."

ते दोघे भिंतीजवळच्या टेबलाशी बसले. बॉयलरवाल्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या जोडप्याकडे टक लावून पाहिलं आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "ती म्हणतेय, तुझ्या आईला सांगून टाक!" जोडपं उठून दुसऱ्या टेबलाशी गेलं. तिला हसू आवरेना. हसताना तिचा हात सवयीने तोंडावर गेला.

ते पाहताच बॉयलरवाल्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, एक विचारू? मागे एकदा वर्गात तुम्ही असाच रुमाल धरला होतात. दाराशी मुख्य बाई आल्या होत्या. तुम्ही त्यांच्याशी रुमालाआडून काहीतरी बोललात आणि दोघी माझ्याकडे बघून हसलात. मी तेव्हा मामाला बाबा म्हटलं होतं. मला वाटलं, मला हसताय. म्हणून यायचा बंद झालो."

तिने हात तोंडावरून खाली घेतला. त्या दिवशी ती काय बोलली, का हसली, तिला आठवत नव्हतं. आठवत होती ती फक्त ओठाची आग. आपण तोंड लपवलं, की समोरच्याला काय वाटेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. आणि हीच बाई इतरांना शिकवायची, की तोंडावर हात धरू नका.

"तुम्हाला नाही हसले," ती म्हणाली. "माझ्या ओठाला त्रास आहे. हर्पिस."

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "काय हरपलं?"

सांगता आलं असतं तर बरंच काही सांगण्यासारखं होतं. शेवटी तिने पुन्हा, सावकाश सांगितलं, "ओठावर फोड येतात. सारखे यायचे. आता रोज गोळी घेते, म्हणून येत नाहीत. त्या दिवशी आले होते, ते झाकत होते."

"हात्तिच्या!" बॉयलरवाले म्हणाले. "ते होय? माझ्या हिलापण यायचे की. ताप उतरला की ठरलेले. पांढरं मलम थापून अख्ख्या घरात फिरायची. मी म्हणायचो, मिशा आल्या तुला. तर लाटणं घेऊन मागे लागायची."

आणि ते हसले, आणि मग डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. ती कपातल्या चहाकडे बघत बसली. तोच फोड, तसाच, दुसऱ्या कुणाच्या घरात थट्टेचा विषय होता. तिथे कप वेगळा झाला असेल चार दिवस, आणि पुन्हा सगळ्या कपांत मिसळला असेल.

मग वर्गानंतरचा चहा ठरूनच गेला. लोक काय म्हणतील हा विचार तिला शिवला नाही, कारण म्हणायला कुणी नव्हतंच. वर्गाच्या दिवशी सकाळी गोळी घेताना तिला त्या टेबलाची आठवण व्हायची. बाकी त्यांच्यात काही झालं नाही. ती जाऊन बसायची, ते तिच्या ओठांकडे बघायचे, आणि ती तोंडावर हात न नेता हसायला शिकली.

हिवाळा संपता संपता बॉयलरवाल्यांच्या मुलाची दुसऱ्या गावी बदली झाली, त्यांनाही जावं लागणार होतं. बसने चार-पाच तासांचं गाव. बॉयलरवाल्यांनी शेवटच्या तासाला सगळ्या वर्गाला पेढे वाटले नाहीत, पण उभं राहून भाषण केलं, आणि ते इतक्या मोठ्याने केलं, की पुन्हा खालून माणूस आला.

ते गेल्यावर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. मुलगा फोन लावून द्यायचा. पण चित्र अडकायचं, तिचं तोंड उघडं राहून गोठायचं आणि बॉयलरवाले म्हणायचे, "बाई, गाणं म्हणताय का?" कधी अर्धंच चित्र पुढे सरकायचं, ओठ एका शब्दावर, हनुवटी दुसऱ्या. त्यांना काही उमगायचं नाही. मग तेच बोलायचे. एकदा म्हणाले, "इथे माशांच्या टाकीत बसल्यासारखं वाटतंय बघा. सगळ्यांची तोंडं हलतात. मी टाकीबाहेर, की तेच, कळत नाही." पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

याच दिवसांत तिला गोळ्या सुरू करून वर्ष झालं. डॉक्टर म्हणाली, "आता थांबवून बघू. काहींना नंतर कमीच येतं." तिने नाइलाजाने थांबवल्या. सकाळचा पेला तेवढा चालू ठेवला.

एका शनिवारी तिने ठरवलं, उद्या जाऊन यायचं. सुनेला निरोप पाठवला. सुनेचं उत्तर आलं, "जरूर या, बाबांना सांगितलंय. समजलं की नाही माहीत नाही." आणि रविवारी पहाटे तोंड धुताना ओठावर मुंग्या आल्या.

ती आरशासमोर उभी राहिली. फोन पलंगावर पडला होता. 'बरं नाही, पुन्हा कधीतरी' एवढं लिहायचं होतं. असे निरोप तिने आयुष्यभर लिहिले होते, आणि ते 'पुन्हा कधीतरी' कधीच आलं नव्हतं. तिने पर्सच्या तळाशी असलेली जुनी ट्यूब काढली, ओठाला मलम लावलं, पिशवीत स्वतःचा पेला आणि छोटा टॉवेल टाकला आणि बस पकडली. बसमध्ये ओठ तासातासाला जड होत गेला. शेजारची बाई एकदा बघून खिडकीकडे वळली. तिने रुमाल काढला नाही.

सुनेने दार उघडलं तेव्हा तिने उंबऱ्यावरच सांगून टाकलं, "ओठावर हर्पिसचे फोड आलेत. नुसतं समोर बसल्याने काही होत नाही, पेला मी माझा आणलाय. घाबरू नका."

"अहो, या ना आत," सून म्हणाली. तिशीची, नोकरी करणारी, दमलेल्या चेहऱ्याची मुलगी होती.

बॉयलरवाले तिला बघून उठले. बारीक झाले होते. तिच्या ओठाकडे बघून त्यांनी स्वतःच्या मिशांवरून बोट फिरवलं आणि डोळे मिचकावले. मग तिघं बसली. पण ती बोलू लागली आणि घोटाळा झाला. डावीकडून ओठ सुजलेला, धड मिटेना. पवर्गातलं एकही अक्षर नीट उमटेना. बोललं की ठणका.

"काही कळत नाही, बाई," बॉयलरवाले म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती तिला दिसली. हे एक तोंड होतं, तेही गेलं.

तिने सुनेकडे पाहिलं. "तुम्ही बोला माझ्याऐवजी. मी सांगते ते."

"मी? माझं त्यांना एक अक्षर समजत नाही हो. ओरडून ओरडून घसा बसतो माझा."

"ओरडू नका. ओरडलं की ओठ वाकडे होतात. इथे बसा, खिडकीकडे तोंड करा. केस मागे घ्या. आधी त्यांना हात करा, बघू द्या. मग नेहमीच्या आवाजात, पूर्ण वाक्य. तोडून तोडून नाही. म्हणा, आज तुम्ही दाढी का केली नाही?"

सून लाजली. मग म्हणाली.

बॉयलरवाले तिच्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. सून पुन्हा म्हणाली. त्यांचे स्वतःचे ओठ सुनेच्या ओठांमागून हलू लागले. "दाढी?" ते म्हणाले. "ब्लेड संपलंय. तीन दिवस सांगतोय तुला!"

"मला कुठे सांगितलंत?" सून उसळून म्हणाली.

"सांगितलं! तू गॅसकडे तोंड करून होतीस!"

दोघं थांबली. सुनेचा हात तोंडावर गेला आणि तिने तो स्वतःच खाली घेतला. त्यानंतर दुपारभर ती दोघं बोलत होती. चुका होत होत्या. माणसाचं पाणी होत होतं आणि बाजाराचं भलतंच काही. पण दोघं समोरासमोर होती. तिने मध्येमध्ये फक्त खुणा केल्या, हनुवटी वर, सावकाश, पुन्हा. तिच्या पेल्यातला चहा निवून गेला. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. बघायचं कारणच उरलं नव्हतं, आणि हे तिनेच केलं होतं.

संध्याकाळच्या बसवर दोघं सोडायला आली. ती काचेआड बसली. गाडी सुरू झाली आणि गलका झाला. बॉयलरवाल्यांनी आवाज न काढता, तिच्या वर्गात शिकवतात तसे, ओठ हलवले. तिने वाचलं. ते 'परत या' म्हणाले असावेत. की 'बरं, या'? तिने बोट वर करून 'पुन्हा' अशी खूण केली, पण मध्ये दुसरी बस आली.

सोमवारी ती डॉक्टरकडे गेली. "आला म्हणजे त्याला अजून धरून ठेवायला हवं," डॉक्टर म्हणाली. "पुन्हा सुरू करू. वर्षानुवर्षं घेणारी माणसं आहेत, मध्ये मध्ये रक्त तपासत राहू." ती तिथून थेट वर्गावर गेली. नव्या जुन्या सगळ्यांना तिने सांगितलं, "ओठावर फोड आलेत, आजपासून आठवडाभर बोलणं अर्धंच कळेल. तोवर तुम्ही एकमेकांचे ओठ वाचा. जोड्या करा." लोकांनी बाकं ओढून जोड्या केल्या. ती मध्ये एकटी फिरत राहिली, कुणाची हनुवटी वर कर, कुणाचा हात खाली घे.

रविवारचा कॉल आला नाही. त्याऐवजी सुनेचा निरोप आला. ती जेवून ताट घासत होती, हात पुसून तिने वाचला. "आज बाबांचं आणि माझं कडकडून भांडण झालं. पाऊण तास. दोघांनाही एकमेकांचं सगळं समजलं. तुम्हाला सांगावंसं वाटलं."

ती हसली, स्वयंपाकघरात एकटीच, चांगली मोठ्याने. खपली ताणून तडकली आणि थेंबभर रक्त आलं. तिने कापूस दाबून धरला, आणि हसू थांबेना म्हणून तशीच ओट्याला टेकून उभी राहिली.